कोलेस्टेरॉलवरील औषध आणि स्नायूंची रक्ततपासणी

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, मधुमेह असलेल्या अथवा रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेल्या व्यक्तींना डॉक्टर बहुधा स्टॅटिन या वर्गातील औषध देतात. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन ही त्यांतील नावे आता खेड्यापाड्यांतील रुग्णांच्या चिठ्ठीवरही दिसू लागली आहेत. ही गोळी दीर्घकाळ, पुष्कळदा आयुष्यभर घ्यावयाची असते. ती घेत असताना कधी मांड्या भरून येतात, कधी पोटऱ्या दुखतात. मग डॉक्टर 'सीपीके' अथवा 'सीके' नावाची रक्ततपासणी करून घेण्यास सांगतात. प्रयोगशाळेचा कागद हाती येतो, त्यावरील आकडा नेहमीच्या मर्यादेपेक्षा अधिक असल्याची खूण दिसते आणि घरात काळजी पसरते. अनेकदा तो कागद डॉक्टरांना दाखविण्यापूर्वीच गोळी बंद केली जाते.

हा निर्णय साधा नाही. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, अशांच्या बाबतीत गोळी बंद करणे म्हणजे दुसऱ्या झटक्यापासूनचे एक मोठे संरक्षण काढून घेणे होय. उलट, स्नायूंना खरोखरच इजा होत असताना गोळी तशीच चालू ठेवणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. म्हणून या तपासणीचा अर्थ काय, तिचा आकडा कसा वाचावा आणि कोणत्या प्रसंगी तातडी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे. खेड्यात असा कागद प्रथम वाचून दाखविण्याचे काम पुष्कळदा शिक्षकांवर, पंचायतीच्या कर्मचाऱ्यांवर अथवा आरोग्यसेविकांवर येते. त्यांनाही ही माहिती उपयोगी पडावी.

हे विकर कोणते?

शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकर अथवा एन्झाइम असे म्हणतात. स्नायूंमध्ये विपुल असलेले असे एक विकर म्हणजे क्रिएटिन कायनेज. त्याचे जुने नाव क्रिएटिन फॉस्फोकायनेज असे होते, म्हणून आजही अनेक प्रयोगशाळा त्याचा उल्लेख 'सीपीके' असा करतात. दोन्ही नावे एकाच तपासणीची आहेत.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला तत्काळ ऊर्जा लागते. नांगर धरणाऱ्याचा दंड असो की पाण्याचा हंडा उचलणाऱ्या स्त्रीची कंबर असो, पहिल्या काही क्षणांची ऊर्जा स्नायूत साठवून ठेवलेल्या एका द्रव्यातून मिळते. हा साठा तत्परतेने वापरात आणण्याचे काम क्रिएटिन कायनेज करते. धान्याच्या कणगीतून माप भरून देणाऱ्या माणसाशी त्याची तुलना करता येईल.

या विकराची खरी जागा पेशीच्या आत आहे. रक्तात ते अल्प प्रमाणातच आढळते. पेशीच्या आवरणास इजा झाली म्हणजे ते बाहेर झिरपते व रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. जपानमधील सेत्सुरो एबाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली असे दाखवून दिले, की स्नायू क्षीण होत जाणाऱ्या एका आनुवंशिक विकारात रुग्णांच्या रक्तातील हे विकर फार वाढलेले असते. तेव्हापासून स्नायूंच्या इजेचे मोजमाप म्हणून ही तपासणी रूढ झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे विकर स्नायूंखेरीज हृदयात आणि मेंदूतही असते. म्हणून हृदयविकाराच्या झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत ते वाढलेले दिसले, तर तो दोष गोळीचा समजू नये.

औषध कसे काम करते?

शरीरातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. ज्या रासायनिक साखळीतून ते तयार होते, तिच्यातील एका महत्त्वाच्या टप्प्यावर स्टॅटिन अडसर घालते. यकृतातील उत्पादन घटले म्हणजे यकृत रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेऊ लागते व रक्तवाहिन्यांत त्याचे थर साचण्याची क्रिया मंदावते.

या औषधाचा उगम बुरशीत आहे. तोक्यो येथील एका औषध कंपनीतील शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ साली एका पेनिसिलियम जातीच्या बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य मिळविले. त्या द्रव्याचे औषध मात्र बाजारात आले नाही. या वर्गातील लोव्हास्टॅटिन हे पहिले औषध १९८७ साली अमेरिकेत वापरासाठी मान्य झाले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन देशांतील चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांना सुमारे साडेपाच वर्षे सिमव्हास्टॅटिन अथवा औषधविरहित गोळी देण्यात आली. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण दगावले, तर औषध घेणाऱ्यांपैकी १८२. गोळी बंद करण्याचा विचार करताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते या आकड्यांवरून कळते.

कोलेस्टेरॉलच्या याच साखळीतून स्नायूंच्या पेशींना लागणारी इतरही काही द्रव्ये तयार होतात. ती कमी पडल्यामुळे काही थोड्या व्यक्तींच्या स्नायूंना त्रास होत असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

आकडा वाढण्याची इतर कारणे

सीपीके वाढलेले आढळले, की पहिला संशय गोळीवर घेतला जातो. परंतु हे विकर वाढण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील सर्वांत सामान्य कारण म्हणजे श्रम. सवय नसलेले अथवा नेहमीपेक्षा जड काम केल्यानंतर एक ते चार दिवसांत सीपीके कित्येक पटींनी वाढू शकते व साधारण आठवड्याभरात पूर्ववत होते. दिवसभर वाकून भाताची लावणी करणे, रापणीचे जाळे ओढणे, लाकडे फोडणे, डोंगर उतरणे, बऱ्याच काळाने दंडबैठका काढणे यांपैकी काहीही त्यास पुरेसे असते. निरोगी व गोळी न घेणाऱ्या माणसातही हा बदल दिसतो.

दुसरे कारण म्हणजे प्रत्यक्ष इजा. पडणे, मार लागणे, शस्त्रक्रिया, अपस्माराचा झटका यांनी स्नायूंना इजा होते. दंडात अथवा कुल्ल्यात घेतलेल्या इंजेक्शननेही आकडा वाढू शकतो.

तिसरे कारण म्हणजे अन्य आजार. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावले असता सीपीके वाढते, अंग दुखते आणि कोलेस्टेरॉलही वाढते. म्हणजे ज्या कोलेस्टेरॉलसाठी गोळी सुरू झाली, ते आणि ज्या दुखण्यासाठी ती बंद करावीशी वाटते, ते दुखणेही एकाच मूळ कारणातून आलेले असू शकते. म्हणून अशा रुग्णाची थायरॉइडची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. विषाणूजन्य ताप, अतिरिक्त मद्यपान आणि स्नायूंचे काही आनुवंशिक विकार यांतही हा आकडा वाढतो.

शिवाय माणसामाणसांत स्वाभाविक फरक असतो. पुरुषांत तो आकडा स्त्रियांपेक्षा अधिक, तर पिळदार शरीराच्या व्यक्तींत कृश व्यक्तींपेक्षा अधिक आढळतो. काही निरोगी व्यक्तींचे सीपीके आयुष्यभर छापील मर्यादेच्या थोडे वरच राहते. तो त्यांचा नेहमीचाच आकडा असतो.

आकडा कसा वाचावा?

प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या कागदावर नेहमीची मर्यादा छापते. ही मर्यादा यंत्र व पद्धतीनुसार थोडीफार बदलते. म्हणून एका प्रयोगशाळेच्या आकड्याची दुसरीच्या मर्यादेशी तुलना करू नये. डॉक्टर पाहतात ते हे, की आकडा त्या कागदावरील कमाल मर्यादेच्या किती पट आहे. समजा, कमाल मर्यादा २०० एकके असेल, तर ८०० म्हणजे चौपट आणि २,००० म्हणजे दसपट.

युरोपातील हृदयरोगतज्ज्ञ व मेदविकारतज्ज्ञ यांच्या संस्थांनी २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात याच दोन पायऱ्या धरलेल्या आहेत. त्यांचा आशय असा:

१. आकडा चौपटीपेक्षा कमी असून काहीही त्रास नसेल, तर औषध चालू ठेवावे. स्नायू दुखत असतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आकड्यावर लक्ष ठेवावे. दुखणे टिकून राहिल्यास डॉक्टर काही आठवडे औषध थांबवून पाहतात.

२. आकडा चौपट ते दसपट यांच्या दरम्यान असून त्रास नसेल, तर औषध चालू ठेवून दोन ते सहा आठवड्यांच्या काळात तपासणी पुन्हा करावी. त्रास असेल, तर औषध थांबवून आकडा खाली येईपर्यंत वाट पाहावी व नंतर कमी मात्रेत पुन्हा सुरू करावे.

३. आकडा दसपटीहून अधिक असेल, तर औषध थांबवावे, मूत्रपिंडांची तपासणी करावी आणि दर दोन आठवड्यांनी सीपीके पाहावे.

४. औषध सुरू करण्यापूर्वीच आकडा चौपटीहून अधिक असेल, तर औषध सुरू न करता तपासणी पुन्हा करावी.

हे मार्गदर्शन डॉक्टरांसाठी आहे. रुग्णाने त्यावरून स्वतःच निर्णय घ्यावा, असा त्याचा हेतू नाही. परंतु मर्यादा २०० असताना आकडा २६० आला, म्हणून घाबरण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून कोणासही समजेल.

काही रुग्णांना वाटते, की गोळी चालू असेपर्यंत ही तपासणी दर महिन्याला करावी. त्याची गरज नाही. कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तीची तपासणी वारंवार केल्याने उपयोग होत नाही. उलट श्रमामुळे वाढलेला एखादा आकडा समोर येतो व विनाकारण औषध बंद पडते. मात्र ज्यांना स्नायूंच्या त्रासाचा धोका अधिक आहे, अशांचे सीपीके गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा पाहून ठेवणे हिताचे असते. पुढे तक्रार उद्भवल्यास तुलनेसाठी आधार मिळतो.

प्रत्येक दुखणे गोळीमुळे असते काय?

स्टॅटिनमुळे होणाऱ्या त्रासाची काही सर्वसाधारण लक्षणे आहेत. तो बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो. मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत तो जाणवतो. गोळी सुरू केल्यानंतर अथवा मात्रा वाढविल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत त्याचा आरंभ होतो, आणि गोळी थांबविल्यावर तो बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. एकाच गुडघ्याचे दुखणे, कंबरेतून पायात उतरणारी कळ, बोटांच्या सांध्यांची सूज ही लक्षणे बहुधा अन्य विकारांची असतात.

याविषयी मोठ्या प्रमाणावर अभ्यास झालेला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात १९ चाचण्यांतील सुमारे १,२४,००० व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. या चाचण्यांत काहींना स्टॅटिन व काहींना औषधविरहित गोळी देण्यात आली होती आणि कोणास काय मिळते, हे रुग्णांना व डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंचे दुखणे सांगितले, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी. स्टॅटिन घेणाऱ्यांच्या पहिल्या वर्षातील अशा सुमारे १५ तक्रारींपैकी एकच प्रत्यक्ष औषधामुळे होती.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला प्रयोगही बोलका आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० व्यक्तींना वर्षभर महिन्यागणिक एक बाटली देण्यात आली. चार बाटल्यांत औषध होते, चारांत औषधविरहित गोळ्या होत्या व चार रिकाम्या होत्या. त्रासाची सरासरी मोजली असता रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत ती ८, औषधविरहित गोळ्यांच्या महिन्यांत १५.४ आणि औषधाच्या महिन्यांत १६.३ भरली. म्हणजे त्रास खरा होता, परंतु त्याचा फार मोठा भाग गोळी घेतल्याच्या जाणिवेतून आलेला होता. हे कळल्यानंतर त्यांच्यापैकी निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केले.

यावरून रुग्णाची तक्रार खोटी ठरवू नये. वाढत्या वयात अंग दुखणे सार्वत्रिक असते, आणि गोळी चालू असताना दुखले, म्हणजे गोळीमुळेच दुखले, असे समजणे स्वाभाविक आहे. सीपीकेची तपासणी येथे उपयोगी पडते. दुखत असूनही आकडा नेहमीच्या मर्यादेत असेल, तर स्नायूंची मोठी हानी होत नाही, एवढा दिलासा मिळतो व शांतपणे उपाय शोधता येतो.

कोणी अधिक जपावे?

वृद्ध व कृश व्यक्ती, विशेषतः स्त्रिया, मूत्रपिंडांचे अथवा यकृताचे विकार असलेले रुग्ण, थायरॉइड मंदावलेले रुग्ण, अति मद्यपान करणारे आणि मोठी मात्रा घेणारे यांना स्नायूंचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने २०११ साली सिमव्हास्टॅटिनच्या ८० मिलिग्रॅम मात्रेवर निर्बंध घातले, ते स्नायूंच्या हानीमुळेच.

सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे औषधांचा परस्परसंयोग. क्लॅरिथ्रोमायसिन व एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके, इट्राकोनॅझोल व किटोकोनॅझोल ही बुरशीवरील औषधे आणि प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन यांमुळे काही स्टॅटिन औषधांचे रक्तातील प्रमाण बरेच वाढते. ग्रेपफ्रूट या फळाचा रस भरपूर प्रमाणात घेतल्यासही तसे घडू शकते. जेमफायब्रोझिल हे मेद कमी करणारे दुसरे औषध स्टॅटिनसोबत घेणे विशेष धोक्याचे आहे. सेरिव्हास्टॅटिन नावाचे औषध ऑगस्ट २००१ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले, तेव्हा स्नायूंच्या विघटनाने जगभरात ५२ मृत्यू झाल्याची नोंद होती आणि अशा अनेक रुग्णांना जेमफायब्रोझिलही दिलेले होते. म्हणून नायट्यासाठी अथवा खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचे आवर्जून सांगावे. दुकानातून परस्पर औषध घेणे टाळावे.

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड यीस्ट राइसच्या गोळ्यांतही लोव्हास्टॅटिन हेच द्रव्य असते. त्या स्टॅटिनसोबत घेणे म्हणजे नकळत मात्रा वाढविणे होय.

तातडीची लक्षणे

क्वचित प्रसंगी स्नायूंचे मोठ्या प्रमाणावर विघटन होते. त्या वेळी स्नायूंतील मायोग्लोबिन हे तांबूस रंगाचे प्रथिन रक्तात उतरते व मूत्रपिंडांना बाधा करते. स्टॅटिनमुळे असे घडण्याचे प्रमाण दर लाख व्यक्तींमागे वर्षाला दोन-तीन इतके अल्प आहे. तरी त्याची लक्षणे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावीत. लघवी कोऱ्या चहासारखी गडद तपकिरी अथवा तांबूस होणे, स्नायूंत असह्य वेदना होणे, बसल्या जागेवरून उठता न येण्याइतकी अशक्तता येणे, आणि त्यासोबत ताप, उलट्या अथवा लघवी कमी होणे. अशा वेळी पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. येथे सीपीकेच्या कागदाची वाट पाहत घरी बसू नये. वेळीच शिरेतून द्रव दिल्यास मूत्रपिंडे वाचविता येतात.

आणखी एक विरळा प्रकार आहे. गोळी थांबवूनही आकडा उतरत नाही आणि अशक्तता वाढत जाते. अशा वेळी शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्नायूंवर उलटलेली असू शकते. तिच्यासाठी निराळी तपासणी व निराळे उपचार आहेत. म्हणून औषध थांबविल्यानंतरही आकडा पूर्ववत झाल्याची खात्री करून घेणे आवश्यक असते.

यकृताच्या तपासणीशी गल्लत

यकृताच्या तपासणीत एसजीओटी व एसजीपीटी अशी दोन विकरे मोजली जातात. ही दोन्ही स्नायूंतही असतात, विशेषतः एसजीओटी. त्यामुळे कष्टाचे काम झाल्यानंतर रक्त दिल्यास हे आकडे वाढलेले दिसतात आणि गोळीमुळे यकृत बिघडल्याचा समज होतो. अशा वेळी सीपीकेही वाढलेले आढळले व गॅमा जीटी हे विकर मात्र नेहमीच्या मर्यादेत असले, तर मूळ यकृतात नसून स्नायूंत असण्याचा संभव अधिक असतो.

तपासणीस जाताना

१. तातडीचे कारण नसल्यास आधीचे काही दिवस जड अथवा सवयीबाहेरचे काम टाळावे. ते शक्य नसल्यास केलेले काम डॉक्टरांना सांगावे.

२. अलीकडे घेतलेले इंजेक्शन, पडणे-लागणे, ताप, अपस्माराचा झटका यांची माहिती द्यावी.

३. चालू असलेल्या सर्व गोळ्या, काढे व चूर्णे यांची वेष्टने सोबत न्यावीत.

४. गोळी केव्हा सुरू झाली, मात्रा केव्हा वाढली आणि दुखणे केव्हा सुरू झाले, या तारखा कागदावर लिहून ठेवाव्यात.

५. केवळ सीपीकेसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. सोबत अन्य तपासण्या असल्यास प्रयोगशाळेत विचारून घ्यावे.

६. जुने अहवाल जपून ठेवावेत व शक्य तोवर तपासणी एकाच प्रयोगशाळेत करावी.

गोळीचा त्रास खरोखरच आहे, असे ठरले तरी मार्ग संपत नाही. मात्रा कमी करणे, त्याच वर्गातील दुसरे औषध देणे, काही औषधे एक दिवसाआड देणे, इझेटिमाइबसारख्या निराळ्या औषधाची जोड देणे असे अनेक उपाय डॉक्टरांपाशी आहेत. एका स्टॅटिनचा त्रास झालेल्या पुष्कळ व्यक्तींना दुसरे स्टॅटिन अथवा कमी मात्रा सोसते.

सीपीकेचा आकडा हा एक साक्षीदार आहे. रुग्णाचे दुखणे, त्याचे श्रम, त्याची इतर औषधे आणि त्याचे हृदय यांची साक्ष घेतल्यावाचून केवळ त्या आकड्यावरून निवाडा करता येत नाही. आकडा थोडा वाढला म्हणून गोळी फेकून देऊ नये आणि लघवी गडद झाली असता एक दिवसही दवडू नये. या दोन गोष्टी गावातील प्रत्येक घरी पोहोचल्या, तर कित्येकांची हृदये आणि काहींची मूत्रपिंडे सुरक्षित राहतील.